दहाने खाली, पाचाने वर

१

सकाळी जाग आली तरी बाई लगेच उठत नसत. आधी दोन बोटं मनगटावर ठेवायची, समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबायचं आणि मग पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची पळवाट त्यांना ठाऊक होती, पण अठ्ठावीस वर्षं लोकांचे कान मोजण्यात घालवलेल्या माणसाला असली सूट घेववत नाही. आकडा आला की पलंगाशेजारच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने लिहायचा आणि मग पाय खाली सोडायचे. तेही बेताने. झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

हे सगळं सुरू झालं ते आई गेल्यावर दोन महिन्यांनी. एका सकाळी दात घासता घासता छातीत असं काही धडधडायला लागलं की बाई ब्रश तोंडात तसाच ठेवून बाथरूमच्या फरशीवर बसल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले आणि ठोके सावकाश करणारी बीटा ब्लॉकर लिहून दिली. अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी.

"तुमच्या हृदयाला आता कायमची नोकरी लागली असं समजा," डॉक्टर म्हणाले. "पाट्या टाकेल, पण रोज येईल. पन्नास-साठच्या मध्ये राहिलं तर मला फोन करू नका. चाळीसच्या खाली गेलं तर उद्याची वाट बघू नका. आणि मनाने गोळी बंद करायची नाही, काही झालं तरी."

धडधड थांबली. त्याबरोबर आणखीही काही थांबलं. समोरून बस सुटताना दिसली तरी बाईंचे पाय उचलेनात. हातापायांची बोटं भर उन्हात गार. स्वप्नं मात्र इतकी ठळक पडायची की सकाळी उठल्यावर त्यातली माणसं निघून गेल्यासारखी वाटायची. रागसुद्धा पूर्ण यायचा नाही, अर्ध्यावरून परत जायचा. बाईंची तक्रार नव्हती. आठ महिने कॅलेंडरवर एकच आकडा होता: छप्पन्न. कधी एखादा इकडे, एखादा तिकडे.

२

बाईंची खोली इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे होती. खोलीत मशीन, मशीनपुढे बाईंची खुर्ची आणि खुर्चीसमोर दुहेरी काचेची खिडकी असलेली आवाजबंद पेटी. पेटी म्हणजे एक माणूस बसेल एवढी खोलीच, आतून जाड मऊ अस्तराची. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि अठ्ठावीस वर्षांत एक शब्द न बदललेलं वाक्य म्हणायचं: "अगदी बारीक ऐकू आलं तरी दाबा. शंका आली तरी दाबा."

मग बाई बाहेरून आवाज सोडायच्या. पेशंटने बटण दाबलं की मशीनवर दिवा लागायचा. दिवा लागला की आवाज दहाने खाली आणायचा. नाही लागला तर पाचाने वर न्यायचा. पुन्हा ऐकू आलं, पुन्हा दहाने खाली. नाही आलं, पाचाने वर. असं करत करत माणूस जिथे अडतो ती त्याची हद्द. तक्त्यावर तिथे खूण करायची आणि पुढचा आवाज घ्यायचा.

लोक आत काय काय करतात याचे नमुने बाईंकडे भरपूर होते. कुणी झोपायचं. कुणी आवाज नसताना धडाधड दाबायचं, हुशार विद्यार्थ्यासारखं. कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेले एक आजोबा दर सहा महिन्यांनी यायचे आणि पेटीतून बाहेर येताना म्हणायचे, "बाई, आत बरं वाटतं. कुणी तरी फक्त आपल्यासाठी काही तरी वाजवतंय, असं वाटतं."

बाई हसायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

घरी त्यांच्यासाठी काही वाजवणारं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि धाकटा भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

३

तो रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. बाई बाहेरच्या खोलीत उशीचा अभ्रा शिवत होत्या. खालच्या रस्त्यावरची दुकानं बंद होती. शेजारचे गावाला गेले होते. रविवारी दुपारी त्या इमारतीत असा काही शुकशुकाट व्हायचा की फ्रिज मध्येच गुरगुरायला लागला तरी सोबत वाटावी.

आतल्या खोलीतून आवाज आला. थप, थप.

"आले गं," बाई म्हणाल्या, सुई अभ्र्यात टोचून ठेवली आणि उठल्या.

तीन पावलं गेल्यावर त्या थांबल्या.

आईची शेवटची आठ वर्षं कान गेलेल्या अवस्थेत गेली होती. लेक गावाचे कान तपासते आणि आई ठार बहिरी, यावर इस्पितळात विनोद चालायचे. आईने यंत्र लावायला साफ नकार दिला होता. "आता ऐकण्यासारखं राहिलंय काय?" म्हणायची. आतल्या खोलीत एका लहान लाकडी टेबलाशी बसून असायची आणि काही हवं असलं की टेबलावर तळवा आपटायची. दोनदा. थप, थप. मग तळवा तसाच टेबलावर ठेवायची, म्हणजे लेकीची पावलं लाकडातून कळायची. तिला ऐकू जाणार नाही हे माहीत असून बाई दर वेळी "आले गं" म्हणायच्या. आठ वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली होती, एवढंच.

पण आवाज? बाईंनी आतल्या खोलीचं दार उघडून पाहिलं. पलंग, कपाट, बंद खिडकी. टेबल नव्हतंच. दहा महिन्यांपूर्वी भाऊ ते त्याच्या मुलीच्या अभ्यासासाठी घेऊन गेला होता. फरशीवर त्याच्या चार पायांचे चार फिकट ठिपके तेवढे राहिले होते.

कानात असे आवाज येतात हे बाईंपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? मेंदू वाट बघतो आणि कंटाळला की स्वतःच वाजवून घेतो. बाईंनी हे शेकडो पेशंटना समजावलं होतं. आता स्वतःला समजावलं, आणि अभ्रा पुरा केला.

सोमवारी सकाळी ठोके मोजले. शेहेचाळीस.

४

त्यांनी पुन्हा मोजले. शेहेचाळीसच. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. चाळीसच्या वर आहे, फोन करण्यासारखं नाही, असं म्हणून बाई कामाला जात राहिल्या. घरच्या इमारतीचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायला लागलं, तेव्हा त्या भिंतीवरची सूचना वाचल्यासारखं करायच्या.

पुढच्या रविवारी भावाच्या मुलीचा वाढदिवस होता. दिवसभर त्या घरात पोरींचा गोंगाट, गाणी, खुर्च्यांची ओढाताण. बाई कोपऱ्यात बसून पाकिटांवरच्या रंगीत फिती गुंडाळत राहिल्या. भावजय म्हणाली, "ताई, आज चेहरा उतरलाय तुमचा." बाई म्हणाल्या, "झोप झाली नाही गं."

सोमवारी एक्कावन्न. चला, सुधारलं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाई दुपारी घरी होत्या, आणि त्यांच्याही नकळत त्यांनी कान दिला होता. तीन वाजून गेल्यावर आवाज आला. पहिल्या वेळेपेक्षा अंमळ बारीक, दार मध्ये असल्यासारखा. थप, थप.

ऐकल्यावर बाईंना भीती वाटली का? वाटायला हवी होती. पण गोळी घेणाऱ्या माणसाची भीतीही अर्ध्यावरून परत जाते. आधी वाटलं ते वेगळंच. कुणी तरी बोलावतंय. दहा महिन्यांत त्या घरात त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. फोन यायचे ते बँकेच्या जाहिरातींचे किंवा भावाचे, आणि भाऊ बोलता बोलता दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचा.

"आले गं," त्या म्हणाल्या. या वेळी समजून उमजून, हळूच.

आतली खोली रिकामी होती. पण नुकतंच कुणी ऐकत असावं, असा तिथला सन्नाटा होता. म्हणजे नेमका कसा, ते बाईंनाही सांगता आलं नसतं.

सोमवारी एक्केचाळीस. दात घासताना त्यांनी एका हाताने बेसिन धरून ठेवलं.

५

हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, "चोवीस तासांचं मशीन लावू. आधी वेळ नाहीये माझ्याकडे, पुढच्या शनिवारी या. रविवारभर अंगावर राहू द्या. तोपर्यंत चक्कर आली तर सरळ इथे यायचं."

मधल्या रविवारी बाईंचा दुपारी डोळा लागला. आवाज आला असेल तर झोपेत गेला. उठल्यावर त्यांना काही तरी चुकल्यासारखं वाटलं, गाडी निघून गेल्यासारखं. सोमवारी शेहेचाळीस.

शनिवारी मशीन बसलं. छातीवर चिकटपट्ट्या, त्यातून निघालेल्या तारा, कमरेला काडेपेटीएवढी डबी. रविवारी दुपारी बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून राहिल्या. खिडकीतून येणारं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं.

थप. थप.

इतकं बारीक, की दुसऱ्या कुणी शपथेवर नाही म्हटलं असतं. पण बाईंचे कान तयार होते. त्यांना वाटलं, आज जर ओ दिली नाही तर ती समजेल की मला ऐकू येईनासं झालं. एकदा मीही तिच्यासारखी बहिरी झाले म्हटल्यावर ती कशाला बोलावेल?

"आले."

आणि मग उठताना भिंत एकाएकी जवळ आली. बाई पडल्या नाहीत. खुर्चीची पाठ हातात सापडली.

बुधवारी डॉक्टरांनी लांबलचक कागद टेबलावर पसरला. एका जागी बोट ठेवलं. "रविवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. इथे तुमचं हृदय जवळजवळ चार सेकंद थांबलंय. त्यानंतर जे चालू झालं ते छत्तीसने. काय करत होतात तेव्हा?"

"काही नाही. बसले होते."

"कुणाशी बोलत होतात?"

बाईंनी वर पाहिलं. "का?"

"बोलताना रेघ थोडी हलते. इथे हलली आहे, थांबण्याच्या अगदी आधी." डॉक्टर कागद गुंडाळायला लागले. "असो. गोळी निम्मी करू. एकदम तोडायची नाही, पाव सकाळी, पाव संध्याकाळी. एकट्या राहता ना? काही दिवस भावाकडे जा."

६

गुरुवारी बॉयलरवाले आजोबा तपासणीला आले होते. त्यांना पेटीत बसवून बाईंनी नेहमीसारखे आवाज सोडले. छप्पन्न काही मशीनवर नसतं, तिथे पाचाच्या पटीत चालतं. साठला दिवा लागला. पन्नास. लागला नाही... पंचावन्न. लागला. पंचेचाळीस. लागला नाही. पन्नास. लागला. चाळीस.

आवाज कमी-जास्त करायच्या चकतीवर बाईंचा हात थांबला.

पर्समध्ये एक चिठ्ठी होती. डॉक्टरांना दाखवायला त्यांनी कॅलेंडरवरचे आकडे उतरवून नेले होते, फक्त सोमवारचे. त्यांनी ती काढून मशीनच्या उजेडात धरली. छप्पन्न. शेहेचाळीस. एक्कावन्न. एक्केचाळीस. शेहेचाळीस. छत्तीस.

ओ दिली, दहाने खाली. वाढदिवसाच्या गोंगाटात ऐकू आलं नाही, पाचाने वर. ओ दिली, दहाने खाली. झोप लागली, पाचाने वर. ओ दिली.

पेटीतून आजोबांनी काचेवर टकटक केलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. बाईंनी हात वर करून त्यांना थांबायची खूण केली आणि कितीतरी वेळ तो हात तसाच वर राहिला.

योगायोग आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. औषध रक्तात कमी-जास्त होतं. आठवड्याच्या सुट्टीत जेवणाच्या वेळा बदलतात. अठ्ठावीस वर्षं दहा-पाचाचा एकच जिना चढ-उतर केल्यावर माणसाला सगळीकडे तोच जिना दिसणार. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि त्यांना पटलंही. फक्त चिठ्ठी पर्समध्ये ठेवण्याआधी त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

दुपारी कानाच्या डॉक्टरांना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टर, एखाद्याला ऐकू येतंय, पण तो मुद्दाम बटण दाबत नसेल तर?"

"इतकी वर्षं झाली, मला काय विचारता?" डॉक्टर हसले. "वाढवत न्यायचं. पाच, पाच, पाच. किती वेळ गप्प बसेल? आवाज कानाला दुखायला लागला की डोळ्याची पापणी तरी हलतेच."

"आणि प्रत्येक वेळी दाबतच गेला तर?"

"मग शून्यापर्यंत जायचं. मशीन तिथवर जातं." ते दाराकडे निघाले. "का हो? कोण आहे असा पेशंट?"

"आहे एक," बाई म्हणाल्या.

७

शनिवारी त्या बॅग भरून भावाकडे गेल्या. भाऊ रिक्षापर्यंत घ्यायला आला आणि बॅग उचलताना म्हणाला, "ताई, तू किती हलकी झालीस गं." बॅगेबद्दल बोलायचं होतं, चुकून तसं निघालं. दोघंही हसली.

रविवारी जेवणं झाली. भाची मैत्रिणीकडे गेली होती. भाऊ सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन लवंडला. भावजय आणि बाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. समोर भाचीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून खिडकीजवळचं आईचं टेबल दिसत होतं. त्यावर वह्या, दिवा आणि अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास.

बाईंनी ठरवलं होतं. ठरवणं सोपं असतं.

आवाज आला, की आलाच नाही? कानाने ऐकला म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण ग्लासातलं पाणी हललं. मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं आणि काचेपर्यंत जाऊन विरलं. पुन्हा एक.

बाईंच्या हातात भाचीचा फ्रॉक होता. त्यांनी तो छातीशी दाबला.

टेबलापुढची खुर्ची रिकामी होती. पण ती टेबलाकडे तोंड करून नव्हती. कुणी बसायला ओढून घ्यावी तशी थोडी बाहेर होती आणि दाराकडे वळलेली होती. दारातून या खोलीत बघायचं असेल तर माणूस अशीच वळवून घेईल. जेवणाआधी ती तशी होती का, हे बाईंना आठवेना.

"ताई?" भावजय म्हणाली.

बाईंनी ओठ मिटून घेतले. कुणालाही "हं" म्हटलं तरी ते तिकडे पोचेल, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर ज्या हाकेला त्या उठल्या, तापात उठल्या, जेवणाच्या ताटावरून उठल्या, त्या हाकेला बसून राहायचं.

आणि त्या पाण्याकडे बघताना त्यांना तेही कळलं जे गेले सहा आठवडे कळायला हवं होतं. आई टेबलावर तळवा आपटायची ती बोलावण्यासाठी. लेक लगेच उठली नाही तर थांबायची नाही. पाऊल लाकडात कळेपर्यंत पुन्हा पुन्हा आपटायची, चिडायची, आपटायची. ही आपटत होती दोनदाच. मग थांबत होती. उत्तराला जेवढा वेळ द्यायचा तेवढाच देत होती.

तसं बाई स्वतः करायच्या, मशीनपुढे बसून.

"अहो, ताईंचे हात बघा, बर्फ झालेत," भावजय नवऱ्याला हलवून म्हणत होती. भाऊ धडपडत उठला, पाणी आणायला आत गेला, भाचीच्या टेबलावरचा तोच ग्लास उचलून घेऊन आला आणि बाईंच्या ओठांना लावला. बाईंनी तोंड उघडलं नाही. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

सोमवारी सकाळी एक्केचाळीस होते.

८

त्या आठ दिवसांनी घरी परतल्या. भाऊ राहा म्हणाला, भावजयही म्हणाली. पण गावभर पसरलेल्या कुठल्याही घरात आतली खोली असतेच, हे त्यांना समजलं होतं. आणि हे जे होतं ते भाचीच्या टेबलाशी बसायला नको होतं.

पुढचे रविवार बाईंनी बाहेरच्या खोलीत हात मांडीवर ठेवून काढले. तीनच्या सुमाराला आवाज यायचा, दोनदा. बाई गप्प बसायच्या. सोमवारी पाच ठोके जास्त भरायचे. शेहेचाळीस. एक्कावन्न. छप्पन्न. जिना एका दमात चढता यायला लागला, बोटांना ऊब आली. हृदयाचे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "बघा, गोळी निम्मी केली आणि गाडी रुळावर आली. उगाच घाबरलो आपण." बाईंनी मान हलवली. त्यांचंही खरं असू शकत होतं. सगळ्या आकड्यांत बसत होतं.

पण दर रविवारी आवाज एक पायरी मोठा होत होता. आधी दाराआडून आल्यासारखा. मग दार उघडं असल्यासारखा. मग कपाटातले हँगर एकमेकांवर वाजायला लागले. एकसष्ट भरले त्याच्या आदल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावर तिरकं झालं. खालच्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "रविवारी फर्निचर हलवता का हो?" बाई म्हणाल्या, "हो. आता नाही हलवणार."

खालच्यांना ऐकू आलं होतं, म्हणजे ते आता सगळ्यांसाठी वाजत होतं. बाईंना याचं दुःख झालं. वेड लागल्यासारखं आहे हे त्यांना कळत होतं, तरी झालं. इतके दिवस ते फक्त त्यांच्यासाठी होतं.

रात्री झोपताना कधी कधी वाटायचं, एकदा ओ द्यावी. एकदाच. दहाने काय होतं? एक्कावन्नला माणूस व्यवस्थित जगतो. मग त्यांना कळायचं की हाच हिशेब पेटीतला प्रत्येक माणूस करतो: एकदा दाबलं तर काय बिघडतं.

९

शेवटच्या रविवारी त्यांनी कानांत कापूस घातला नाही. तो उपयोगाचा नाही हे त्यांना धंद्यामुळेच ठाऊक होतं. खुर्ची आतल्या दाराकडे तोंड करून ठेवली आणि बसल्या.

पहिली थाप पडली तेव्हा दाराची कडी उडून वाजली. दुसरीने खिडकीच्या काचा थरथरल्या. ती बाईंच्या कानात नव्हे, दातांत वाजली. डोळ्यांतून पाणी आलं. पापणी हलली असेल, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण ओठ हलले नाहीत. दोन्ही हात मांडीवर, अंगठे आत मुठीत धरलेले.

मग शांतता.

बाई वाट बघत राहिल्या. उत्तराला द्यायचा तेवढा वेळ संपला. तिसरी थाप यायला नको होती, आली नाही. मिनिटभर गेलं, दोन गेली. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्या साखळीचा आवाज लांबवर ऐकू येत राहिला. बाईंच्या छातीत मोकळं मोकळं वाटायला लागलं. संपलं. कंटाळलं ते. हद्द सापडली नाही, तक्ता अर्धा सोडून दिला.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तक्ता कुणी अर्धा सोडत नाही. एवढ्या मोठ्या आवाजाला पेशंट गप्प राहिला तर आपण काय करतो? हेडफोन निसटलाय का, तार सुटलीय का, पेशंटला काही झालंय का, ते बघायला हवं. काचेतून कळत नाही. मशीन तसंच ठेवून आपण उठतो.

आतल्या खोलीत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. त्या खोलीत खुर्ची नव्हती.

पावलं आईसारखी फरफटत नव्हती. दमलेली नव्हती, घाईचीही नव्हती. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तेवढंच अंतर चालायची सवय असलेल्या माणसाची होती. ती दाराशी येऊन थांबली. दाराच्या फटीतून स्पिरिटचा वास आला, दोन पेशंटांच्या मध्ये हेडफोन पुसायला वापरतात त्या स्पिरिटचा.

मूठ फिरली. दार वीतभर उघडलं आणि तेवढंच राहिलं, आतल्या माणसाला दचकवायचं नसतं म्हणून उघडतात तसं. फटीत पांढऱ्या बाहीचा काठ दिसला आणि दाराच्या कडेवर टेकलेली चार बोटं. त्यांच्या वर, चेहरा असायला हवा तिथे, डोकं एका बाजूला कललेलं. कुणाचं तरी बारकाईने ऐकताना कलतं तसं.

बाईंना ओरडता आलं असतं. पळता आलं असतं, छाती आता साथ देत होती. त्या बसून राहिल्या. वर्षभरात त्या घरातलं एकही दार दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं.